थोरलीची काजळी

माझी सून आभाळाची ऊब मोजते. कुणी विचारलं की मी एवढंच सांगते. त्याने पुढे विचारलं तर आधी चहा ठेवते, कारण पुढचं उभ्या उभ्या सांगण्यासारखं नाही.

आभाळ ऊब देतं हे ती घरात येईपर्यंत मलाही ठाऊक नव्हतं. सूर्याचं ठीक आहे, तो दिसतो. पण ती म्हणते, नुसती हवा, हवेतली वाफ, ढग, सगळे आपापली ऊब खाली टाकत असतात. डोळ्यांना त्यातलं काही दिसत नाही. ढग असले की जास्त, आभाळ कोरडं आणि मोकळं असलं की कमी. ही ऊब वर्षानुवर्षं कशी बदलतेय ते पाहायला टेकडीवरच्या केंद्राच्या गच्चीवर एक यंत्र बसवलंय, कपड्यांच्या कपाटाएवढं. त्याला वर एक झरोका आणि आत सोन्याचा मुलामा दिलेला आरसा. इंद्रधनुष्यात उजेडाचा एकेक रंग सुटा होतो ना, तसे ते यंत्र उबेचे न दिसणारे रंग सुटे करतं आणि एकेकाचं माप सांगतं.

पण यंत्राला स्वतःचं असं काही कळत नाही. त्याला आधी दोन भांडी दाखवावी लागतात. निमुळती, खोल, आतून काळा रंग दिलेली. एक कायम तापवून ठेवलेलं, दुसरं जशी हवा तसं. दोन्हींच्या अंगात थर्मामीटर बसवलेले. आरसा फिरून आधी एकीकडे बघतो, मग दुसरीकडे, मग वर. जणू यंत्राला सांगायचं, बाबा, ही इतकी गरम, हिची ऊब एवढी. ती तितकी गरम, तिची तेवढी. आता त्या हिशेबाने आभाळाचं सांग. तापलेल्या भांड्याला केंद्रात थोरली म्हणतात आणि दुसऱ्याला धाकटी. ही नावं मी ठेवलेली नाहीत. ज्याने ठेवली त्याच्या घरात दोन जावा नक्की असणार.

सूनबाई या कामाला कॅलिब्रेशन म्हणते. मी ताळा म्हणते. मी शाळेत गेले ती तिसरीपर्यंत, पण तेवढ्यात बाईंनी एक शिकवलं होतं. उत्तर आलं म्हणून पाटी पुसायची नाही, आधी उलट्या बाजूने ताळा घेऊन बघायचा. माझी शाळा तिथे थांबली. सूनबाईचं सगळं आयुष्य त्या ताळ्यावरच चाललंय.

तिचे वडील बसच्या डेपोत मेकॅनिक होते. बस सुरू झाली म्हणजे दुरुस्त झाली असं नाही, एक फेरी मारून परत आली म्हणजे झाली, असं ते म्हणायचे. पोरगी त्यांचीच. लग्नानंतर मला पहिल्यांदा ताप आला तेव्हा तिने माझ्या दोन्ही काखांत दोन थर्मामीटर लावले. मी म्हटलं, "अगं, ताप काय दोन्हीकडून येतो?" ती म्हणाली, "एकाचं ऐकून कुणाला आजारी ठरवू नये, आई." माझा मुलगा औषधांची गाडी चालवतो, चार-चार दिवस घराबाहेर असतो. पोचलो म्हणून त्याचा फोन आला तरी ही विचारते, आजूबाजूला काय दिसतंय ते सांगा.

माझ्या थोरल्या जाऊबाई लग्नात मला स्वयंपाकघरात ओढून म्हणाल्या होत्या, "मुलगी हुशार आहे गं, पण रंग जरा बेताचा." सूनबाईने ते ऐकलं होतं हे मला कितीतरी वर्षांनी कळलं. यंत्राचं समजावून सांगता सांगता ती म्हणाली, "उबेच्या डोळ्याला गोरं-काळं नसतंच, आई. माणसाची कातडी कुठलीही असो, त्याला सगळी काजळासारखी. आपला पांढरा रंग दिलेला दरवाजासुद्धा काळाच." आणि मग हळूच, "मोठ्या काकूंना कळवा." मी त्याच संध्याकाळी फोन करून कळवलं. जाऊबाई म्हणाल्या, "यंत्र बिघडलेलं असेल."

त्यांच्या जिभेवर तीळ आहे की काय कोण जाणे, कारण पुढे खरंच तसं म्हणायची वेळ आली.

मुख्य कार्यालयाचं एक फिरतं यंत्र असतं. ते केंद्राकेंद्रांवर जातं, तिथल्या यंत्राशेजारी बसतं, आणि दोघं एकाच आभाळाकडे बघतात. दोघांचं एक आलं तर ठीक. नाही आलं, आणि का नाही आलं ते सांगता आलं नाही, तर तिथल्या मापांवर संशयाचा शिक्का बसतो. नुसत्या त्या दिवसाच्या नाही. मागच्या सगळ्या. सूनबाईने केंद्र हाती घेतल्यापासून ते यंत्र आमच्याकडे पहिल्यांदाच येत होतं. म्हणजे तिच्या हातची सगळी वर्षं त्या एका भेटीला टांगलेली. मी म्हटलं, "शिक्का बसला तर पुन्हा मोजता येत नाही का?" ती म्हणाली, "कुठलं आभाळ मोजू, आई? ते गेलं."

त्या फिरत्या यंत्राला आणि त्याच्यासोबत येणाऱ्या साहेबांना मी व्याही म्हणायचं ठरवलं. मुलगी बघायला आल्यासारखेच येणार होते ना.

आदल्या दिवशी मी डबा घेऊन वर गेले. आमची खोली केंद्राच्या फाटकाशीच आहे आणि गुडघे बरे असले की मी गच्चीच्या दाराजवळच्या बाकावर जाऊन बसते. सूनबाईने यंत्र बंद करून थोरली बाहेर काढली होती, तारा तपासायला. टेबलावर ती उघडी पडलेली, शेजारी स्क्रू एका वाटीत. केंद्रातले मामा फडकं घेऊन कठडे पुसत होते. मामा म्हणजे शिपाई म्हणा, रखवालदार म्हणा, झाडूवाले म्हणा, एक माणूस आणि तीन कामं, तेही कंत्राटावर. एका फोनवर "उद्यापासून येऊ नका" होणारा माणूस. खाली फोन वाजला तशी सूनबाई जाता जाता म्हणाली, "मामा, उद्याचे पाहुणे फार बारीक नजरेचे आहेत. कुठे काळं म्हणून दिसायला नको."

"तुम्ही बघाच, ताई," मामा म्हणाले.

मी डबा ठेवला आणि घरी आले.

व्याही आले ते मालगाडीसारखी मोठी गाडी घेऊन. साहेब उंच, बारीक, कमी बोलणारे. बूट दाराबाहेर काढायला लागतात का, हे त्यांनी मला विचारलं, तेव्हाच ते मला बरे वाटले. दोन्ही यंत्रं शेजारी शेजारी लागली. पहिले काही दिवस आभाळ ढगांनी गच्च होतं आणि दोघांचं माप असं जुळलं की सूनबाईच्या चेहऱ्यावर रंग आला. साहेब नुसतं "हं" म्हणाले. मामांनी सगळ्यांना चहा दिला आणि मला म्हणाले, "जमलं म्हणायचं, आजी."

मग ढग गेले.

मी बाकावर होते. गच्चीवर ऊन लख्ख, वर ढगाचा टिपका नाही. साहेब आपल्या पडद्याकडे बघत होते, सूनबाई आपल्या. मग साहेब म्हणाले, "मॅडम, तुमचं आभाळ आमच्यापेक्षा थंड आहे."

"आभाळ एकच आहे, सर."

"म्हणून तर म्हणतोय."

घरी आल्यावर तिने मला नीट सांगितलं. ढगांची ऊब या दोन भांड्यांच्या उबेजवळ असते. तिथे यंत्राची चूक झाकली जाते. कोरडं मोकळं आभाळ मात्र फार थंड, दोन्ही भांड्यांपासून फार लांब. तिथवर हिशेब ताणत न्यावा लागतो, आणि ताणलं की इवलीशी चूक उघडी पडते. मी म्हटलं, नात्यांचंही असंच असतं, जवळच्यात खपून जातं. ती हसली नाही. ताटातली पोळी तिने तुकडे करून तशीच ठेवली.

मी म्हटलं, "आरशावर धूळ बसली असेल. मऊ फडक्याने हलक्या हाताने..."

तिने माझा हात धरला. "आई, त्या आरशाला कधी हात लावला नाहीत ना?"

"मी कशाला लावू?"

"सोनं निघून येतं. पुसायचं नसतं ते." हात सोडला तरी माझ्याकडे बघत राहिली. असं माझ्याकडे तिने कधी पाहिलं नव्हतं. आरसा पुढे साफ निर्दोष निघाला, म्हणजे माझं शहाणपण तसंही वायाच जाणार होतं.

दुसऱ्या सकाळी तिने घरातला मिक्सर वर नेला. माझ्या फ्रिजमधला सगळा बर्फ, मामांनी दुकानातून आणलेली लादी, सगळं बारीक करून पाणी घालून एका बादलीत लगदा केला. वितळणारा बर्फ म्हणजे शून्य अंश, त्यात वाद नाही. भांड्यांतले थर्मामीटर एकेक करून त्यात बुडवले. सगळे शून्यावर. चांगली बातमी, असं मला वाटलं. सूनबाईचा चेहरा मात्र आणखी उतरला. थर्मामीटर खोटे निघाले असते तर दुखणं सापडलं असतं.

मग तिने कोठारातलं तिसरं भांडं आणलं, न वापरलेलं. ते बर्फाच्या लगद्यात गळ्यापर्यंत बुडवून यंत्रासमोर धरलं. यंत्राने त्याला शून्य म्हणायला हवं होतं. यंत्र म्हणालं, शून्याच्या खाली.

साहेब जवळ येऊन उभे राहिले. "तुमचंच आहे," ते म्हणाले. आवाजात तिखट काही नव्हतं, म्हणून जास्त लागलं. "किती वर्षांपासून, ते कसं सांगणार?"

"मी दर ऋतूला बर्फाचा ताळा घेते, सर. मागच्या वेळी बरोबर शून्य होतं."

"घेतला कुणी?"

"मीच."

"लिहिला कुणी?"

"तोही मीच," ती म्हणाली. साहेब म्हणाले, "मॅडम, मी तुम्हाला खोटं म्हणत नाहीये. पण स्वतःच्या उत्तराचा ताळा स्वतःच घेतला तर तो मला धरता येत नाही. उद्या संध्याकाळी माझी गाडी पुढच्या केंद्राला निघेल. तोवर कारण मिळालं तर बघू. नाहीतर सगळी वर्षं संशयित लिहावी लागतील."

मुख्य बाईंना, म्हणजे तिच्या वरिष्ठांना, तिने फोन लावला. त्या दूर कुठल्या बैठकीत होत्या. "तुला जे खरं सापडेल ते लिही, मी सही करीन," एवढंच म्हणाल्या. भल्या बाई आहेत, पण त्या क्षणी भलेपणाचा काही उपयोग नव्हता.

शेवटचा दिवस उजाडला तो अर्धवट ढगांचा. मी सकाळीच वर जाऊन बसले. जेवणाचा डबा हे निमित्त, खरं म्हणजे मला घरात बसवेना. साहेब खालच्या खोलीत आपला अहवाल लिहीत होते. मामा जिना झाडत होते. सूनबाईने धाकटी उघडून बघितली, मिटली. मग थोरलीचा तापवायचा खटका बंद केला, ती निवायची वाट पाहिली, स्क्रू काढले, आणि आत टॉर्च मारला.

टॉर्चचा उजेड आत गेला आणि तिच्या गालावर परत आला.

मला त्यात काही वावगं वाटलं नाही, भांडं चकाकतंय एवढंच दिसलं. पण ती हलेना. मग बाकापाशी आली, ते भांडं माझ्यापुढे धरलं आणि अगदी हळू म्हणाली, "आई, आत बघा. मखमलीसारखं दिसायला हवं. उजेड गेला की गेला, परत यायला नको. काळा रंग गेलाय इथे. कुणीतरी घासलंय." घासलं की काळेपणा जातो, आणि काळेपणा गेला की भांडं तापलेलं असूनही पुरती ऊब देत नाही. यंत्राला वाटत होतं थोरली भरपूर देतेय, आणि थोरली हात आखडून बसली होती. तिथून पुढचा सगळा हिशेब वाकडा.

जिन्यावरचा झाडू थांबला होता.

मामा दारात उभे होते. खांद्यावर फडकं. त्यांनी भांड्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि मान खाली घातली. विचारायची गरजच नव्हती. टेबलावर उघडं भांडं, आत काजळी धरल्यासारखं काळं, आणि ताईंनी सांगितलेलं, कुठे काळं म्हणून दिसायला नको. कुठल्या घरातला माणूस काजळी धरलेलं भांडं बघून हात आवरेल? मीही घासलं असतं, आणि वर राख लावून घासलं असतं.

मी सूनबाईकडे बघत होते. तिच्यापुढे काय होतं ते मला समजत होतं. रंग जुना होऊन उडाला म्हणावं, तर मामा वाचतील, पण वर्षं जातील, कारण जुना म्हणजे किती जुना, हे कोण सांगणार. नुकतंच घासलं म्हणावं, तर वर्षं वाचतील, पण कुणी घासलं, हा प्रश्न येणारच. आणि मामा कंत्राटावर. मामा अजून तसेच उभे होते.

तिने भांडं उचललं आणि त्यांच्या अंगावरून खाली गेली. मीही भिंत धरत धरत मागून गेले. गुडघ्यांनी तक्रार केली, ती मी ऐकली नाही.

"सर, कारण सापडलं," ती म्हणाली. "थोरलीचा आतला रंग घासला गेलाय. तुम्ही यायच्या आदल्या दिवशी. मी भांडं उघडं टाकून गेले आणि जाताना काळं दिसायला नको म्हणून सांगून गेले. चूक माझी आहे. तशी लिहा."

साहेबांनी पेन ठेवलं. भांडं खिडकीशी नेऊन फिरवून फिरवून बघितलं. "घासलंय खरं. पण आदल्या दिवशी, हे कशावरून?"

"माझ्या सांगण्यावरून."

"मॅडम, पुन्हा तेच."

तिच्याजवळ आणखी काही नव्हतं. नाव घेतलं असतं तर होतं.

तेवढ्यात मागून मामांचा आवाज आला. "साहेब, मी घासलं."

"मामा, तुम्ही वर जा," सूनबाई म्हणाली.

"जातो. पण आधी सांगतो. पितळेच्या पाटीचं पॉलिश लावून घासलं. लख्ख काही झालं नाही, खूप चिवट काजळी. हात दुखले आणि सोडून दिलं." मग जरा थांबून, "उरलेलं नंतर काढणार होतो."

साहेब त्यांच्याकडे बघत राहिले. "ताईंना वाचवायला म्हणताय?"

मामांना तो प्रश्न लागला असावा. ते गेले आणि जिन्याखालून निळी बादली घेऊन आले. साबणाच्या पाण्यात एक फडकं भिजत पडलेलं, पाणी शाईसारखं. "डाग जाईना म्हणून भिजत ठेवलंय. नवीन फडकं होतं, साहेब. तुमच्यासाठीच काढलं होतं त्याच दिवशी, कोठाराच्या वहीत बघा."

साहेबांनी बाह्या वर केल्या आणि स्वतः ते फडकं उचललं, पिळलं, खिडकीत धरलं. त्यावर काळ्या रंगाची पूड दाटून बसली होती. ते किंचित हसले, आल्यापासून पहिल्यांदा. "हा ताळा दुसऱ्याच्या हातचा आहे," म्हणाले. "हा मला धरता येईल. पण पुरता नाही. रंग परत द्या आणि मला मोकळं आभाळ दाखवा. फरक गेला तर मी मानतो. गाडी संध्याकाळपर्यंत थांबेल, पुढे नाही."

रंगाचा डबा कोठारात होता. सूनबाईने घासलेला भाग धुऊन, सुकवून, पातळ पातळ हात दिले. थोरलीला वाळायला दुसरी शेगडी नको, तिचा तापवायचा खटका लावला की ती स्वतःच स्वतःला वाळवते. मामा रंगाची वाटी धरून उभे होते, आणि श्वास घ्यायलाही विचारत होते. मध्येच मला म्हणाले, "आजी, काळं करायला एवढी मेहनत घेणारी माणसं मी पहिल्यांदा बघतोय."

रंग वाळला, यंत्र जागेवर बसलं, आणि वर पाहिलं तर ढग. पांढरे, जाडजूड, कुठेही जायची घाई नसलेले. ढगांखाली दोन्ही यंत्रं आज्ञाधारक मुलांसारखी एकच उत्तर देत होती, पण त्याचा आता काही उपयोग नव्हता. गाडीवाला खाली येऊन हॉर्न वाजवून गेला. साहेबांनी आपल्या पेट्या बांधायला घेतल्या, यंत्र तेवढं चालू ठेवलं. सूनबाई झरोक्याकडे बघत नव्हती, आभाळाकडेही नाही. गच्चीच्या फरशीवर पडलेल्या स्वतःच्या सावलीकडे बघत होती. सावली फिकी, मग नाही, मग परत फिकी.

मग ती गडद झाली.

"आता," ती म्हणाली.

ढगांमध्ये एक फट पडली होती, निळी, खोल, नेमकी झरोक्यावर. आरसा फिरला. थोरली, धाकटी, वर. परत एकदा. साहेब एका गुडघ्यावर बसले. मामा जिन्यात उभे राहून फक्त त्यांच्या तोंडाकडे बघत होते, कारण आकडे त्यांना वाचता येत नव्हते, आणि मलाही नाही.

फट मिटली. साहेब अजून पडद्याकडेच बघत होते.

"किती?" सूनबाईने विचारलं. तिचा पडदा तिच्यासमोर होता, तरी तिने त्यांना विचारलं. एकाचं ऐकायचं नाही ना.

"थोडा आहे अजून."

ती आपल्या पडद्यावर वाकली.

"एवढा दोन घरांत असतोच," साहेब म्हणाले आणि गुडघा झटकून उठले. "चालतो. तुमची वर्षं राहू देत."

अहवालात एक शेरा तिच्या नावावर गेला. भांडं उघडं टाकण्याचा निष्काळजीपणा, असा. तो तिने स्वतःच सांगून लिहवून घेतला. मामांच्या नावाऐवजी नुसतं 'कर्मचारी' आलं आणि ते वाचून मामा नाराज झाले, म्हणाले फडकं तर माझं होतं. मुख्य बाईंनी सही केली. त्या संध्याकाळी सूनबाई घरी आली, हात धुतले, ताटावर बसली आणि जेवता जेवताच भिंतीला टेकून झोपली. मी तिला उठवलं नाही. नखांत काळा रंग तसाच होता.

मी जाऊबाईंना फोन केला. म्हटलं, यंत्र खरंच बिघडलं होतं, तुमचं बरोबर. फक्त काळं कमी पडलं म्हणून बिघडलं. जाऊबाई मग म्हणाल्या, "पोरगी बरी आहे ना?"

मामा अजून केंद्रावर आहेत. परवा माझ्याकडे चहाला आले, तर ओट्यावरच्या माझ्या जुन्या कढईकडे बघून हात मागे बांधून उभे राहिले. सूनबाईला म्हणाले, "ताई, ही काजळी कामाची की बिनकामाची?"

ती म्हणाली, "आईंना विचारा, मामा. त्या भांड्याचा ताळा त्यांच्याकडे."